पुराची रेघ रंगाखाली दडवून दिलेले घर

सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने घर पाहणाऱ्यांनी माझा अनुभव वाचून मगच अनामत द्यावी. माझे 40,000 रुपये अनामत, 7,500 रुपये दलाली आणि 68,500 रुपयांचे सामान, असे एकूण 1,16,000 रुपये बुडाले.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हाही या घराच्या फक्त पायरीला पाणी लागले होते, असे मालकाने दलालासमोर छातीठोकपणे सांगितले होते. भिंतींचा रंग ताजा होता आणि सगळे स्विचबोर्ड इतके उंच बसवलेले होते, की पत्नीला स्टुलाशिवाय बटण दाबता येत नव्हते. कारण विचारले, तर लहान मुलांचे हात पोचू नयेत म्हणून तसे केले, असे उत्तर मिळाले. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, त्यामुळे ते पटले. आम्ही आटपाडीकडचे, टँकरची वाट पाहण्यात वाढलेले; पूर येणाऱ्या घराच्या खुणा आम्हाला कोण शिकवणार? ज्याला ठाऊक होते, त्यानेच खोटे सांगितले.

जुलै 2021 मध्ये नदी 55 फुटांच्या आसपास गेली आणि घरात कमरेइतके पाणी आले. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, वर्षाचे धान्य, सगळे गाळात गेले. पाणी ओसरल्यावर रंगाचे पोपडे निघाले आणि स्विचबोर्डांच्या बोटभर खाली 2019 च्या पुराची तपकिरी रेघ उघडी पडली. तिचा फोटो आधी काढा, मग भिंत धुवा.

त्यानंतर रंग आणि वायरिंगच्या खर्चापोटी मालकाने अनामत अडवून ठेवली. करारात नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी मालकावर नाही, असे कलम आहे म्हणे! आपत्ती नैसर्गिक होती हे मान्य. पण माहिती दडवणे नैसर्गिक नव्हते. लिव्ह अँड लायसन्सने जागा देणाऱ्याने, वापरणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा स्वतःला ठाऊक असलेला दोष सांगितलाच पाहिजे, असे 1882 च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमाचे कलम 57 सांगते.

पोलिसांनी प्रकरण दिवाणी असल्याचे सांगून अर्जावर नुसता शिक्का मारला. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने वीजबिलावरचे नाव पाहून मालकाचे नाव लिहिले. भांडी आमची, गाद्या आमच्या, चिखल उपसणारे आम्ही, आणि पूरग्रस्त मात्र विश्रामबागेत कोरड्या घरात बसलेला मालक! कार्यालयात गेलो, तर रेशनकार्ड आटपाडीचे असल्याने तिकडे विचारा म्हणाले, जणू पूर आटपाडीत आला होता. भाडेकरूचा पंचनामा कुणी करायचा, हे एकाही टेबलावर सांगितले गेले नाही.

भाडेकरार नुसत्या नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. आमचा करार नोंदवलेला नाही, हे मालकाला पाठवलेल्या वकिलाच्या नोटिशीत मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. घरातल्या सामानाचा विमा भाडेकरूलाही काढता येतो. 2019 आणि 2021 मध्ये पाणी कुठवर आले, हे दलालाला नव्हे, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा आणि मालकाचे उत्तर करारात लिहून घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर अनामतीचा एक रुपयाही देऊ नका.