बोडक्या बॉडीची कसोटी: 'ऑटोमेशन'च्या मॉडसाठी ब्लेंडर वापरताना

कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरचा 'ऑटोमेशन' हा खेळ २०१५ पासून स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर आहे. त्यात मोटार पळवायची नसते, घडवायची असते. सिलिंडरच्या व्यासापासून सस्पेंशनच्या प्रकारापर्यंतचे सारे निर्णय खेळाडूच्या हाती असतात. बॉडी मात्र तयार संग्रहातून निवडायची आणि तिचे पत्रे ओढूनताणून मनाजोगते करून घ्यायचे, अशी रीत आहे. संग्रहातले काहीच पसंत पडले नाही, तर स्वतः बॉडी बनवून मॉड, म्हणजे खेळाडूने बनवलेली जोड, म्हणून खेळात घालता येते. गेल्या दोन वर्षांत मी अशा तीन बॉडी बनवल्या. त्यांपैकी एकच कोणाला दाखवण्याजोगी आहे. त्या अनुभवावरून येथे परीक्षण करतो आहे ते खेळाचे नव्हे, तर बॉडी घडवण्याच्या साधनांचे. आकार ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो, त्याची बांधणी अनरियल या गेम इंजिनच्या एडिटरमध्ये होते आणि तयार मॉड स्टीम वर्कशॉप या मॉड वाटण्याच्या जागी जातो. यांपैकी बहुतेक वेळ ब्लेंडरमध्येच जात असल्यामुळे लेखाचा भरही त्याच्यावरच आहे.

एरवी त्रिमितीय मोटारी बनवणाऱ्या कलाकाराला हे काम सोपे वाटते आणि तेथेच त्याची फसगत होते. दिवे, पुढची ग्रिल, दारांच्या मुठी, आरसे हे सगळे खेळाडू स्वतः निवडून बसवणार असतो, त्यामुळे बॉडी पूर्ण बोडकी ठेवावी लागते. शिवाय बॉनेट उंचावणे, चाकाची कमान फुगवणे, छत उतरते करणे असे बदलही तोच करणार असतो. म्हणजे आपण एक आकार देत नसतो, तर पुष्कळ आकारांची शक्यता देत असतो आणि त्यांतल्या कोणत्याही टोकाला पत्रा चुरगळलेला दिसता कामा नये. मी एकदा एका संकेतस्थळावरून तयार मॉडेल विकत घेऊन वेळ वाचवण्याचा प्रयत्न केला. चित्रात ते देखणे होते. उघडून पाहिले तर सगळी जाळी (मेश, म्हणजे आकार बनवणारे बिंदू, कडा आणि पृष्ठे) त्रिकोणांची, निम्म्या पृष्ठांचे नॉर्मल (पृष्ठाची बाहेरची दिशा) उलटे आणि दिवे पत्र्यातच कोरलेले. ते दिवे बुजवण्यात दोन रात्री गेल्यावर मी नव्याने सुरुवात केली.

ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते फुकट मिळते म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. या कामात त्याचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे मॅटकॅपच्या, म्हणजे आकार न्याहाळण्यासाठीच्या तयार छटांच्या, यादीत शेवटाकडे दडलेले, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब दाखवणारे दोन गोळे. आडव्या पट्ट्यांचा गोळा निवडून बॉडी सावकाश फिरवली, की मडगार्डवरून दाराकडे जाणारे पट्टे सलग वाहतात की मध्येच तुटतात, हे लगेच दिसते. पट्टा तुटून सरकला, तर दोन पृष्ठभागांच्या दिशा जुळलेल्या नाहीत. पट्टा सलग राहून कोनात मोडला, तर दिशा जुळली आहे पण वक्रता जुळलेली नाही. मोटार कंपन्यांचे शिल्पकार मातीच्या नमुन्यावर चकचकीत फिल्म चढवून उजेडाची रेघ न्याहाळतात, ती हीच तपासणी. राखाडी रंगात मला निर्दोष वाटलेले माझे पहिले दार या पट्ट्यांखाली पन्हळी पत्र्यासारखे दिसले होते.

दोष बहुधा जाळीच्या रचनेत असतो. ब्लेंडर मोजक्या चौकोनांवरून गुळगुळीत पृष्ठ काढते, ते १९७८ मध्ये मांडल्या गेलेल्या कॅटमल-क्लार्क पद्धतीने. ज्या बिंदूत चार कडा मिळतात तेथे ही पद्धत चोख चालते. तीन किंवा पाच कडा मिळतात तेथे मात्र वक्रतेचे सातत्य सुटते आणि चकचकीत रंगाखाली तेवढ्याच जागी लहानशी चिमटी दिसू लागते. असे बिंदू पूर्णपणे टाळता येत नाहीत, कारण चाकाची गोल कमान आणि दाराची सरळ रेघ यांची सांधेजोड करताना ते कोठे तरी पडतातच. त्यामुळे ते कोठे पडू द्यायचे हे ठरवणे हीच खरी कला आहे. मी ते दाराच्या फटीलगत किंवा बंपरच्या खालच्या वळणात लपवतो. बॉनेटच्या मध्यभागी पाच कडांचा बिंदू ठेवणाऱ्याला खेळातला पहिलाच काळा रंग उघडा पाडतो.

ब्लेंडरची खरी परीक्षा शेप कीच्या टप्प्यावर होते. बॉनेट वर, बॉनेट खाली, कमान फुगीर असा प्रत्येक बदल एकेका शेप कीमध्ये साठवला जातो आणि अनरियलमध्ये तोच मॉर्फ टार्गेट म्हणून पोचतो. ही व्यवस्था सुंदर आहे, पण तिची एक अट फार कडक आहे: शेप की असलेल्या मेशवर मिरर मॉडिफायर (अर्ध्या आकारावरून उरलेला अर्धा आरशासारखा दाखवणारी सोय) कायम करता येत नाही आणि एफबीएक्स या फाइल-प्रकारात निर्यात करताना मॉडिफायर लागू करण्याचा पर्याय निवडला, तर शेप की गळून पडतात. तो इशारा त्या पर्यायावर कर्सर नेला की दिसतो; मी तो वाचला नव्हता, हा दोष सर्वस्वी माझा. अर्धीच बॉडी बनवून उरलेली अर्धी आरशाने दाखवत मी अकरा शेप की तयार केल्या आणि मग वाट बंद असल्याचे लक्षात आले.

त्यातून सुटण्यासाठी प्रत्येक शेप कीची वेगळी प्रत काढली, तिच्यावर आरसा कायम केला आणि सगळ्या प्रती पुन्हा आकार म्हणून एकत्र जोडू लागलो. दहा जुळल्या, अकरावी जुळेना, कारण जोडणीसाठी दोन्ही मेशमधील बिंदूंची संख्या सारखी असावी लागते आणि येथे ९,४१२ विरुद्ध ९,४१६ असा हिशेब होता. ते चार बिंदू शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. बॉनेट फुगवताना मधल्या रेषेवरचे चार बिंदू माझ्याकडून दोन मिलिमीटर बाजूला सरकले होते आणि एक मिलिमीटरच्या आतलेच बिंदू सांधण्याची आरशाची मर्यादा असल्याने ते सांधले गेले नव्हते. आता मी आरसा आधी कायम करतो आणि त्यानंतरच शेप की बनवायला घेतो. बदल दोन्ही बाजूंना सारखा व्हावा म्हणून एक्स अक्षावरची सममिती चालू ठेवली की पुरते.

अनरियलबद्दल थोडक्यात सांगतो. ते सेंटिमीटरमध्ये मोजते आणि ब्लेंडर मीटरमध्ये, त्यामुळे निर्यातीचे प्रमाण एकदा नीट बसवून जतन करून ठेवावे. आयात करताना स्मूदिंग ग्रुपची (कोणती पृष्ठे एकमेकांत गुळगुळीत मिसळायची याची) माहिती सापडत नसल्याची तक्रार आली, तर निर्यातीच्या खिडकीत स्मूदिंगसाठी 'फेस' हा पर्याय निवडावा.

यापेक्षा जास्त विचार प्रमाणबद्धतेला द्यावा, कारण तेथे कोणतेही साधन मदतीला येत नाही. १९५९ च्या मिनी या छोट्या मोटारीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,०३६ मिलिमीटर होता आणि सित्रोएन डीएसचा ३,१२५. एकच बॉडी ताणून दोन्ही टोके गाठू पाहिली, तर दार फाटकासारखे दिसू लागते. मिनीचे एवढेसे नाक शोभले ते आडवे बसवलेले इंजिन आणि दहा इंची चाके यांच्या बळावर. खेळातही इंजिनासाठीची जागा बॉडीच ठरवते, म्हणून आखूड नाकाच्या मोहात पडल्यास सरळ सहा सिलिंडरचे इंजिन त्यात मावत नाही आणि खेळाडू ती बॉडी बाजूला टाकतो. माझ्या दुसऱ्या बॉडीचे नेमके हेच झाले.

२०१८ पासून 'ऑटोमेशन'मधली मोटार 'बीमएनजी.ड्राइव्ह' या मोटार चालवण्याच्या खेळात नेता येते आणि तेथे ती भिंतीवर आदळून चेपवताही येते. मॉड बनवणाऱ्यासाठी ही कठोर पण उपयोगी तपासणी आहे. माझ्या पहिल्या बॉडीच्या कमानींना आतली बाजूच नव्हती, हे मला मडगार्ड वाकून त्यातून आरपार रस्ता दिसल्यावर कळले.

वर्कशॉपवर बॉडी टाकण्यापूर्वी मी आता एकच चाचणी घेतो. पत्रा सर्वांत जास्त वळतो त्या कोपऱ्यावर साधा गोल दिवा बसवतो आणि मग प्रत्येक मॉर्फ दोन्ही टोकांपर्यंत ओढून पाहतो. खेळातले दिवे खालच्या पृष्ठभागाप्रमाणे वाकतात, त्यामुळे जाळी विरळ किंवा ओबडधोबड असेल तेथे गोल दिव्याचा बटाटा होतो. तिसऱ्या बॉडीत तो एकाच जागी, मागचे मडगार्ड पूर्ण फुगवल्यावर, किंचित लंबगोल झाला. तेथे कडांची आणखी एक ओळ घातली आणि मग ती प्रकाशित केली.