जुन्या कॅटमरानचा डेक दबतोय: पॉलिस्टर लावू की इपॉक्सी?

जुनी होबी १६, म्हणजे दोन हलांची (पोकळ, तरंगत्या अंगांची) शिडाची छोटी कॅटमरान होडी, बघायला गेलात तर शिडाकडे नंतर बघा. आधी पुढच्या आडव्या बीमच्या आसपास डेकवर रुपयाचं नाणं वाजवत जा. टणटण आवाज आला तर ठीक. भदभद वाजलं आणि अंगठ्याखाली डेक दबला, तर फायबरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. माझ्या होडीच्या दोन्ही हलांवर अशी तळहाताएवढी जागा होती. उजवा हल मी पॉलिस्टर रेझिनने (वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेने) दुरुस्त केला, डावा इपॉक्सीने.

पॉलिस्टरचा मोह पडतो, कारण ते स्वस्त आहे आणि इथे बडोद्यात फायबरच्या टाक्या करणारे तेच वापरतात. हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) १ ते २ टक्के, थोडं कमीजास्त झालं तरी वाळतं. मूळ होडीही पॉलिस्टरचीच, म्हणून वाटलं की जातीला जात मिळेल. पण कारखान्यात थर ओले असताना एकमेकांत मुरतात. वर्षानुवर्षं वाळलेल्या थरावर नवं पॉलिस्टर नुसतं चिकटतं, शिवाय वाळताना आकसतं. पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या ठिगळाची कड नखाने उचलली गेली, भाकरीचा पापुद्रा उचलावा तशी. फार वाईट वाटलं.

इपॉक्सी महाग, पण कमी आकसते आणि जुन्या फायबरला धरून राहते. मात्र प्रमाण वजनकाट्यावरच मोजा. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढवलात, तर ती कायमची मऊ राहते. साधी मॅट (सुट्या काचतंतूंची चटई) घेऊ नका, तिचा बाइंडर (तंतू धरून ठेवणारा पदार्थ) बहुधा पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्येच विरघळतो. विणलेलं ग्लास कापड घ्या.

डाव्या हलला कापड लागलंच नाही. मागचा प्लग (पाणी काढायचं बूच) काढून हल दोन आठवडे वाळवला. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोलीची खूण केली, म्हणजे आतला थर फुटत नाही. इंचाइंचावर भोकं पाडून सिरिंजने इपॉक्सी भरत गेलो. शेजारच्या भोकातून वर आली की पुढचं भोक. वर पॉलिथिन, त्यावर वाळूच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने नाणं तीनदा वाजवून पाहिलं. तिन्ही वेळा टणटण!

आपल्याकडच्या मे महिन्यात ही खटपट नको, मिश्रण डब्यातच तापून गोठतं. पावसाळ्यात वर मेणचट थर येतो; तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, रंग लागतोच. नुसत्या जेलकोटच्या (फायबरवरच्या चकचकीत थराच्या) ओरखड्यांना मात्र पॉलिस्टर जेलकोटच बरा.

माझं मत स्पष्ट आहे: डेक दबत असेल तर इपॉक्सी. पैसे कमी पडले तर रंग साधा मारा, पण डोलकाठीच्या तारांवर काटकसर नको. टोकाच्या जोडापाशी एक धागा तुटलेला दिसला तरी तार बदला. काठी ॲल्युमिनियमची, साधारण ८ मीटरची. गल्लीतल्या विजेच्या तारांखाली ती उभी करू नका. पहिली फेरी खंभातच्या आखातात तर नकोच, तिथली भरती-ओहोटी फार जबर. शांत तलावात तासभर फिरा, काठावर या आणि मागचे दोन्ही प्लग उघडा. कपभर पाणी निघालं तर चालेल. बादलीभर निघालं, तर डेक आणि हलच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, नळीने तोंडानेच हलकी हवा भरा आणि बुडबुडे कुठे येतात ते बघा.