२०२१ ला घेतलेला ऑक्सिमीटर, अजून चालतोय (साडेतीन स्टार)

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा हा ऑक्सिमीटर एप्रिल २०२१ ला, कोरोनाच्या लाटेत, मेडिकलवाल्याच्या हातापाया पडून घेतला, तेव्हा बावीसशेला, बिल मागितलं तर म्हणे घ्यायचा तर घ्या. कंपनी कुठली ते लिहीत नाही, डबीवर एक नाव आणि मशीनवर दुसरंच, काय सांगणार.

दोन बारीक सेल लागतात, बोट घातलं की चालू, काढलं की थोड्या वेळात बंद. हात गार असले किंवा नेलपॉलिश असलं तर काहीही दाखवतो, म्हणून हात चोळायचे, मिनिटभर गप बसायचं, नाचणारी पट्टी एकसारखी झाली की मग आकडा धरायचा. सावळ्या कातडीवर अशी मशीनं ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात हे २०२० च्या शेवटी अमेरिकेतल्या पेशंटांवरून बाहेर आलेलं, डबीवर त्याबद्दल एक शब्द नाही. आणि आकडे असले चौकोनी की उलटं धरलं तर ९८ चं ८६ दिसतं, शेजारच्या काकू रात्री अकराला रडत आल्या होत्या, मशीन सुलटं केलं आणि चहा पाजून परत पाठवलं.

आता खरी गोष्ट. बाबा आणि धाकटा भाऊ एकदमच पॉझिटिव्ह, सातव्या दिवशी संध्याकाळी दोघांचा आकडा ९४. मशीनच्या मते दोघं सारखेच. आमच्या डॉक्टरांना फोन केला तर ते आकड्यावर थांबलेच नाहीत, वय किती, शुगर किती वर्षं, वजन किती, लस झाली का, आणि आता दोघांनाही सहा मिनिटं घरातल्या घरात चालवा. भाऊ ३३ चा, चालून ९३. बाबा ६६, पंधरा वर्षं शुगर, ९२ किलो, चालून ८९! साठीवरच्यांना १ मार्चपासून लस मिळत होती पण आमचे बाबा म्हणे गर्दी ओसरू दे. त्याच रात्री ॲडमिट.

सीटी स्कोअर (छातीच्या स्कॅनवरून फुफ्फुस किती बिघडलंय त्याचे मार्क) म्हणाल तर बाबांचा २५ पैकी ११ आणि भावाचा ९, म्हणजे फार फरक नाहीच. पण बाबांच्या रक्तात सीआरपी (आतली सूज दाखवणारं) आणि डी-डायमर (गुठळ्यांची शंका दाखवणारं) वाढलेलं, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी, आणि डॉक्टर रोज कालचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच आजचा बघायचे. ऑक्सिजन लागला म्हणून स्टेरॉइड, स्टेरॉइडने शुगर ४०० वर, मग इन्सुलिन. ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपा सांगितलं तर पोट मधे यायचं, छातीखाली एक आणि कमरेखाली एक उशी देऊन कसंबसं जमलं. भावालाही बाबांचीच गोळी हवी होती, व्हॉट्सॲपवर चिठ्ठ्या फिरतच होत्या, डॉक्टर चांगले ओरडले, ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला स्टेरॉइडचा फायदा नाही हे २०२० लाच इंग्लंडच्या ट्रायलमधे दिसलंय म्हणाले. तो पॅरासिटामॉल आणि पेजेवर घरीच बरा झाला, बाबा बाराव्या दिवशी आले.

एक स्टार किमतीचा कापला, अर्धा त्या उलट्या आकड्यांचा. सेलचं झाकण गेल्या वर्षी तुटलं, रबरबँड लावलाय. बाबा अजून जेवणाआधी बोट घालून बघतात, शुगर तपासायची मशीन मात्र कपाटात.