गृहलक्ष्मीचे दोन हजार आणि अर्जाचे सेवा केंद्र : एक परीक्षण

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेविषयी मत देताना योजना आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणारे सेवा केंद्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलाव्या लागतात, कारण बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात योजनेला मिळणारे अर्धेअधिक शिव्याशाप खरे तर केंद्राच्या वाट्याचे आहेत. मी महिला संघाचा हिशेब लिहिते आणि त्या निमित्ताने बायकांबरोबर या केंद्रात नेहमी जावे लागते. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. ते चालवणारा मुलगा कष्टाळू आहे आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्याच्या हातच्या नाहीत.

योजना सर्वांना ठाऊक आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे त्या स्त्रीच्या खात्यात दरमहा 2000 रुपये जमा होतात. ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल अथवा जीएसटीचे विवरण भरत असेल तर ती अपात्र ठरते. नोंदणी जुलै 2023 मध्ये सुरू झाली आणि 30 ऑगस्ट 2023 रोजी म्हैसूरला योजनेचा आरंभ झाला. योजना राबवणाऱ्या महिला व बालकल्याण खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार असल्यामुळे आमच्याकडे योजनेची चर्चा जरा जास्तच होते.

त्या चर्चेत एक वाक्य हमखास येते : "फुकटचे पैसे मिळायला लागले आणि बायका कामाला येईनात." हे वाक्य बहुधा ज्याला रोप लावणीला माणसे हवी असतात त्याच्या तोंडी असते, म्हणून ते गांभीर्याने घेतले पाहिजे, पण तपासूनही घेतले पाहिजे. 2025-26 साठी रोजगार हमीचा कर्नाटकातील दर दिवसाला 370 रुपये ठरला होता. त्या दराने 2000 रुपये म्हणजे जेमतेम साडेपाच दिवसांची मजुरी झाली. साडेपाच दिवसांच्या पैशावर महिनाभर घरी बसणारी बाई मी तरी पाहिलेली नाही, आणि ज्यांनी हा प्रश्न रीतसर अभ्यासला त्यांनाही ती फारशी सापडलेली नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स या सहा देशांतील सात रोख-मदत कार्यक्रमांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा मदत मिळाल्यामुळे स्त्रिया किंवा पुरुष काम कमी करतात असा सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. हा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी मध्य प्रदेशात 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने काही गावांत विनाअट रोख रक्कम देऊन पाहिली होती. प्रौढाला सुरुवातीला महिना 200 आणि मुलाला 100 रुपये अशी ती रक्कम होती. तेथे लोक दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक राबू लागले, असे दिसले.

आमच्या भागात जे घडले ते मला याच्याशी जुळणारे वाटते. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला हातात पैसा नसे, म्हणून बाई शेतमालकाकडून आगाऊ उचल घेई आणि मग भांगलण असो वा लावणी, तो सांगेल त्या दराने जावे लागे. आता आमच्या संघातल्या काही जणी उचल घेत नाहीत. त्या कामाला जातात, पण आधी दर विचारून जातात, आणि घरचे भात लावून झाल्याशिवाय दुसऱ्याच्या चिखलात उतरत नाहीत. मालकाची अडचण खरी आहे. त्याला जुन्या दराने माणसे मिळत नाहीत, आणि त्यालाच तो आळस म्हणतो. राज्याच्या शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही, त्यामुळे बेळगावात कामाला जाणाऱ्यांचा रोजचा खर्चही वाचला. तेव्हा योजनेला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण हप्त्यांच्या बेभरवशीपणासाठी कापला आहे, कारण पैसे कधी महिनोन्महिने येत नाहीत आणि ज्या पैशाची तारीख नक्की नाही त्याच्या भरवशावर उचल नाकारता येत नाही.

आता केंद्राकडे येऊ. जागा स्वच्छ आहे, बाहेर दोन बाकडी आहेत, पंखा आहे, नोंदणी विनामूल्य असल्याची पाटी आहे आणि नोंदणीसाठी येथे खरोखरच कोणी पैसे मागत नाही; झेरॉक्सचे काय ते द्यावे लागतात. खरी परीक्षा अंगठ्याच्या यंत्रापाशी सुरू होते. निपाणीकडून लग्न होऊन आलेल्या एक मावशी माझ्याबरोबर होत्या. लहानपणापासून विड्या वळून त्यांच्या बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या आहेत. मुलाने यंत्राची काच पुसली, मावशींनी अंगठा पदराला घासला, मग तर्जनी लावली, मग डावा हात, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर लाल अक्षरे उमटली. "अक्का, थंब येईना झालंय, आधारला बोटं नवी देऊन या," तो म्हणाला. आधार केंद्र तालुक्याच्या गावी. तेथे दुसरी रांग.

दुसरी अडचण नावाची. आधारवर एक नाव, शिधापत्रिकेवर कन्नडमध्ये त्याचे थोडे निराळे रूप आणि बँकेत नवऱ्याच्या नावासह तिसरे, असे झाले की अर्ज अडकतो. शिधापत्रिकेतील दुरुस्ती मनाला येईल तेव्हा होत नाही, ती सुविधा मधूनमधूनच उघडते. सासूबाई वारल्यावर प्रमुख म्हणून सुनेचे नाव चढेपर्यंत घर त्या पैशाला मुकते. याहून फसवा प्रकार बँकेचा आहे. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि थेट लाभासाठी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, तेच खाते नोंदलेले असणे वेगळे. बाईने मध्ये कधीतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल तर रक्कम तिकडे जाते आणि ती इकडे पासबुक भरून घेत बसते. ही गोष्ट केंद्रात कोणी आपणहून सांगत नाही. भिंतीवर मराठीत एक कागद लावला तरी निम्म्या खेपा वाचतील. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, पण केंद्रातला तक्रारीचा नमुना फक्त कन्नडमध्ये आहे आणि तो दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो.

अशा प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. म्हणजे 2025-26 च्या हमीच्या दराने 370 रुपये, हप्त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सरकारी मदत माणसाला कामापासून तोडते की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी हा बुडालेला रोजही मोजायला हवा. आमच्याकडे काम सुटताना मी जे पाहिले ते या रांगेत सुटताना पाहिले. रोजगार हमीवरही हेच. जानेवारी 2023 पासून हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून नोंदवायची ठरली. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसली की केलेल्या कामाची मजुरी वांध्यात येते.

सीमेपलीकडचे लोक विचारतात म्हणून लिहिते. महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला 1500 रुपये मिळतात आणि 2025-26 चा हमीचा दर तेथे 312 रुपये होता, म्हणजे दोन्ही बाबतींत कर्नाटक पुढे आहे. विशेष म्हणजे कामाची हमी ही कल्पनाच पलीकडची. तेथील नेते वि. स. पागे यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे तोच गरजू, अशी साधी कसोटी त्यात होती. आताची कसोटी निराळी आहे : ज्याची कागदपत्रे जुळतात तो गरजू.

केंद्राला पाचपैकी दोन गुण. जाणाऱ्यांनी आधार, शिधापत्रिका आणि पासबुक मूळ प्रतींसह न्यावे, खाते थेट लाभासाठी नोंदलेले आहे का हे आधी बँकेत विचारून घ्यावे, आणि सोमवारी जाणे टाळावे, कारण आठवड्याची सगळी तुंबलेली गर्दी त्या दिवशी असते. केंद्राने एवढे तरी करावे की सर्व्हर बंद असला तर सकाळीच दारावर तसा फळा लिहावा, म्हणजे बायका तेथूनच कामावर जातील.