‘पासिंगसकट’ जीप घेताय? माझे २,८३,००० कसे गेले ते वाचा

आधी आकडे, कारण घरात रोज तेच ऐकतोय. चेसीस (गाडीचा सांगाडा), इंजिन आणि ‘क्लियर पेपर’ मिळून १,४५,०००. टब (जीपची बॉडी), बॉनेट, बंपर ६८,०००. ट्रकभाडं १४,५००. पासिंग, म्हणजे आरटीओत गाडीची नोंदणी, करून देणाऱ्या एजंटाला आधी ३८,०००, मग ‘टॅक्सचा फरक’ म्हणून १७,५००. एकूण २,८३,०००. वायरिंग, ब्रेक, रंग हे मी घरच्या शेडमध्ये स्वतः केलं, त्याचा हिशोब धरलेलाच नाही.

ओपन जीप स्वतः बांधायची हे माझं जुनं खूळ. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपा बांधणारे नामांकित कारागीर आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. माझी गाठ पडली ती ‘मैं डबवाली से ही हूँ जी’ म्हणणाऱ्या दलालाशी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: रोज नवे फोटो, मध्येच दुसरं गिऱ्हाईक तयार असल्याचा फोन, आणि पैसे आल्याशिवाय ट्रक हलणार नाही.

डोळे झाकून घेतली असं कुणी म्हणू नका. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघितला होता. गाडी महिंद्रा एमएम ५४०, आरसी (नोंदणीचं पुस्तक) चालू, मालकाच्या नावाची अक्षरंही जुळत होती. आरसी खरीच होती हो! त्या आरसीची गाडी कधीच भंगारात गेलेली, आणि तिचा चेसीस नंबर ठोकला होता दुसऱ्याच चेसीसवर. ॲप चेसीस नंबर अर्धवट झाकून दाखवतं. पूर्ण जुळवायचा तर मूळ आरटीओतून आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, काढा. दलाल ‘मी काढून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, स्वतः काढा.

आता ती पेन्सिल छाप. याच जागी माझं डोकं अजून फिरतं. चेसीस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासलेला फोटो त्याने पैसे द्यायच्या आधीच पाठवला होता. नंबरात दोन ८ होते. एक उभट, एकसंध. दुसऱ्याची वरची नि खालची गोळी वेगवेगळी ठोकल्यासारखी, शेजारच्या आकड्यापेक्षा जरा खाली उतरलेली. मला ते दिसलं होतं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, पुरानी गाडी है, ज़ंग लगा है. एवढ्या जुन्या लोखंडाला गंज असणार, मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. चेसीस घरी आल्यावर तेवढ्याच टीचभर जागेवर ताजा काळा रंग होता. वायर ब्रश मारला तर खाली ग्राइंडरचे चकचकीत ओरखडे. पण तोवर चेसीसचे पैसे गेलेले आणि टबही दारात येऊन पडलेला.

आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला सरळ दार नाहीच. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची तपासणी करून ती रस्त्यावर आणता येते. इथे टाइप अप्रूव्हल, म्हणजे अख्ख्या मॉडेलला मान्यता लागते, ते पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून, आणि ते कंपन्यांनाच परवडतं. म्हणून सगळे जुन्या आरसीवर नवी जीप चढवतात, आणि हे चोर त्यावरच जगतात. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं. मोटार वाहन कायद्यातल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. हे मी एजंटाला विचारलं होतं. ‘साहेब, ते नव्या गाड्यांना,’ म्हणाला. एनओसी, म्हणजे जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला, त्याने कागदावर दिली, शिक्क्यासकट. परिवहनच्या पोर्टलवर ती नव्हतीच. कागदावरची एनओसी पोर्टलवर दिसत नसेल तर रुपयासुद्धा सोडू नका.

आरटीओत निरीक्षकाने नंबरावर बोट फिरवलं आणि मला विचारलं, ‘कुठून चोरली?’ मला! एजंट तिथल्याच टपरीवर चहा पीत होता, रोज त्याच आवारात फिरतो, त्याला कुणी हटकलं नाही. जीप पोलीस ठाण्यात जमा. ठाण्यात म्हणे व्यवहार हरियाणात झाला, तिकडे जा. मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तर हवालदार म्हणाला, ‘वकील आहात का?’ मग हे दिवाणी प्रकरण ठरलं. मग साहेब बंदोबस्तावर. मग अर्ज इंग्रजीत नको, मराठीत द्या. मराठीत दिला तर हरियाणाला कळणार कसा? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे तुम्हीच पाठवलेत ना, उशीर झालाय. बँकेने तर ओटीपी तुमचाच म्हणून हात झटकले. चोरीच्या संशयातून नाव काढायला मलाच जबाब द्यावा लागला, आणि ज्याने नंबर ठोकला त्याचा जबाब अजून कुणी घेतलेला नाही.

पैसे रोख देऊ नका, आणि दलालाच्या ‘मेहुण्याच्या’ खात्यावर तर नाहीच. माझे १,४५,००० तसेच गेले. चेसीस स्वतः जाऊन बघा, रंग खरवडून. टब नंतर घ्या. तो दारात आला की माणूस मागे फिरत नाही.

एजंटाने आता नंबर बदललाय. जाहिरात तीच, ‘कोणत्याही राज्याची जीप, पासिंगसकट’. फोटोत शेडबाहेर उभी असलेली हिरवी जीप माझी आहे.