सोलापुरात स्वस्तात उतरायचं कुठं? स्टेशन, एसटी स्टँड की सात रस्ता

सोलापुरात मुक्कामाला येणारा माणूस बहुतेक वेळा सोलापूर बघायला आलेला नसतो. त्याला अक्कलकोटला जायचं असतं, तुळजापूर-पंढरपूर करायचं असतं, सिव्हिलमध्ये कुणी ॲडमिट असतं, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. त्यामुळं "मध्यवस्तीत, स्वस्त आणि बरं हॉटेल सांगा" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारून घेतो. कशानं आणि किती वाजता पोचणार? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं कुठं? भाड्याचं नंतर बघू.

कारण इथं स्टेशनचा परिसर आणि एसटी स्टँडचा परिसर यांत अंतर फार नाही, रिक्षानं दहाएक मिनिटं. दोन्हीकडच्या साध्या लॉजचे दरही थोडेफार इकडंतिकडं. खिशाला चाट बसते ती चेकआऊटच्या नियमानं, आणि तो कुणी आधी विचारत नाही.

मुंबईहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापूरला सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास येते. समजा तुम्ही शनिवारी तिनं उतरलात. एका लॉजचं भाडं सातशे, चेकआऊट दुपारी बारा. शेजारच्याचं नऊशे, पण चोवीस तासांचा हिशोब. सातशेवाल्याकडं शनिवारी दुपारी बाराला तुमचा पहिला दिवस संपतो. आंघोळ करून तुळजापूरला गेलात, संध्याकाळी परत येऊन झोपलात, की दुसरा दिवस लागला. झाले चौदाशे. नऊशेवाला मात्र रविवारी सकाळी सातपर्यंत खोली देतो. तुम्ही त्या वेळी खोली सोडून बॅग काउंटरवर ठेवता, अक्कलकोट करून येता आणि रात्रीच्या सिद्धेश्वरनं परत निघता. भाडं एकदाच. काही ठिकाणी बारा वाजताचा नियम असूनही सकाळी आलेल्याला सवलत मिळते, पण ती खोली रिकामी असेल तर आणि मॅनेजरच्या मनात असेल तर. म्हणून फोनवर "रेट काय?" याच्याआधी "चेकआऊट कितीला?" हे विचारा.

वंदे भारतनं येणाऱ्याचं गणित वेगळं. ती मुंबईहून रात्री साडेदहानंतर पोचते. चोवीस तासांचा लॉज असेल तर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत खोली हातात राहते. दिवसभर फिरून या, अंगावर पाणी घ्या, मग गाडी पकडा. बारा वाजताचा असेल तर झोप आणि नाष्टा एवढंच पदरात पडतं. आणि ज्याला तीच वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास परतीला धरायचीय, किंवा पुण्याला जाणारी हुतात्मा, त्याला दोन्ही नियम सारखेच. त्यानं स्टेशनसमोरचा लॉज घ्यावा आणि जास्त विचार करू नये. पहाटे साडेपाचला रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा पायी फलाटावर गेलेलं केव्हाही बरं.

स्टेशनसमोरच्या लॉजबद्दल खरं सांगायचं तर ते रात्र काढण्यापुरते आहेत. खोल्या लहान, चादरी धुतलेल्या पण थकलेल्या, खिडकी असली तर ती बहुधा पॅसेजमध्ये उघडते. दोन मित्र असतील तर चालून जातं. आईवडिलांना, लहान मुलांना घेऊन येणार असाल तर जिन्याचं आणि लिफ्टचं आधी विचारा, बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्ट नाही. रेल्वेची रिटायरिंग रूम हा पर्याय लोक विसरतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन बुक होते. खोल्या मोजक्या असतात, त्यामुळं तिकीट काढल्या काढल्याच बघावं, आदल्या दिवशी नाही.

एसटी स्टँडची बाजू, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज चौक आणि तिथून आत नवी पेठेकडं. देवदर्शनाला निघालेल्यांसाठी माझा कौल इकडं. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, आणि दोन्हीकडं दिवसभर एसटी आहे. लॉजमधून बॅग न घेता खाली उतरायचं, लागलेली गाडी धरायची, दुपारी जेवायला परत. पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, तेही इथूनच. शिवाय स्टँडभोवती रात्री उशिरापर्यंत जाग असते. एकट्या बाईला रात्री अकराला उतरायचं असेल तर ही जाग मला स्टेशनच्या गल्ल्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पण जाग म्हणजे आवाजही. रस्त्याच्या बाजूची खोली घेतलीत तर एसटीचे हॉर्न पहाटेपासून सुरू. मागच्या बाजूची मागा. आणखी एक गोष्ट बोर्डावर वाचता येते: "लॉजिंग बोर्डिंग" एवढंच लिहिलंय, की खाली "परमिट रूम"ही आहे? परमिट रूम असली म्हणून लॉज वाईट असं नाही, उलट अशा ठिकाणी मटण आणि कडक भाकरी उत्तम मिळू शकते. पण कुटुंबाला घेऊन पहिल्या मजल्यावर राहू नका, अकरापर्यंत खालची गिऱ्हाइकं जिन्यात असतात. मग वर जावं, तर सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर सहज जातो, आणि गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो. पंखा तीच गरम हवा खाली ढकलत बसतो. त्या दिवसांत मधला मजला मागा, आणि दोन-तीनशे जास्त देऊन एसी घ्यायला मागंपुढं बघू नका. डिसेंबरात मात्र एसीचे पैसे घालणं निव्वळ हौस.

नवी पेठ आणि चाटी गल्लीच्या आसपास राहणं हे बस्ता बांधायला आलेल्यांच्या फायद्याचं. साड्या, चादरी, टॉवेल, सगळं चालत. पाच गाठोडी घेऊन दर वेळी रिक्षा करण्यापेक्षा खोलीवर टाकून परत दुकानात जाता येतं. गाडी घेऊन येणार असाल तर मात्र या भागात येऊच नका. पार्किंग कागदावर असतं, प्रत्यक्षात दोन स्कूटरच्या मधे तुमची गाडी घालायला लॉजचा पोरगा शिट्टी वाजवत उभा राहतो.

सात रस्ता, रंगभवन आणि पुढं होटगी रोडवर आसरा चौकापर्यंतची हॉटेलं या सगळ्यांपेक्षा एक पायरी वरची. खोल्या मोठ्या, पार्किंग खरं, बाथरूम कोरडं. आसरा चौकातलं बालाजी सरोवर हे तर वेगळ्याच बजेटचं, इथं मोजत नाही. पण त्याच रस्त्यावर मधल्या दराची ठिकाणं आहेत, आणि स्वतःची गाडी असलेल्या चौघांच्या कुटुंबाला तीच शेवटी स्वस्त पडतात. स्टँडजवळ दोन लहान खोल्या घेण्याऐवजी इथं एक मोठी आणि एक एक्स्ट्रा गादी, एवढ्यात भागतं. बसनं आलेल्याला मात्र रिक्षाचा खर्च रोज दोनदा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पेशंट असेल तरी स्टेशनपेक्षा ही बाजू सोयीची. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवकडून कितीतरी लोक इथल्या दवाखान्यांत येतात, त्यामुळं दवाखान्यांभोवतीच्या लॉजवाल्यांना आठवड्याचा हिशोब नवा नाही. "पेशंट आहे, पाच-सहा दिवस लागतील" असं पहिल्यांदाच सांगा. रोजच्या दरानं राहून चौथ्या दिवशी सवलत मागितली तर ती मिळत नाही.

सिद्धेश्वर मंदिराचं भक्तनिवास हा भाविकांसाठी चांगला पर्याय. शांत, शाकाहारी माणसांना सोयीचं, तलाव आणि भुईकोट किल्ला शेजारीच. पण रात्री उशिरा पोचणाऱ्यानं गेटच्या वेळा आधी विचाराव्यात, आणि खोली मिळेलच हे गृहीत धरू नये.

आता पाणी. शहराला नळाचं पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येण्याची सवय इथल्या लोकांना वर्षानुवर्षांची आहे. लॉजवाल्यांची भिस्त त्यामुळं बोअर आणि टँकरवर. काउंटरवर "पाणी चोवीस तास आहे ना?" म्हणून विचारलं की उत्तर येतं, "आहे की सर, गरम पाणी सहा ते नऊ." म्हणजे प्रश्नाला बगल. खोली बघायला वर गेलात की पैसे देण्याआधी नळ सोडून बघा, फ्लश ओढून बघा, आणि बादलीत थोडं पाणी घेऊन साबण लावून बघा. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही, डोक्यावरून आंघोळ करणार असाल तर ते आधीच कळलेलं बरं. प्यायला बाटली विकतची.

ऑनलाइन बुकिंग की थेट काउंटर? साध्या दिवशी, गुरुवार-शनिवार सोडून, दुपारी पोचणार असाल तर काउंटर. ॲपवर दिसणारा दर बघून ठेवा आणि तोच आकडा समोर सांगा, लॉजवाल्याला ॲपचं कमिशन द्यायचं नसतं, थोडं खाली येतोच. रात्री उशिरा पोचणार, सोबत बायकामुलं, किंवा अविवाहित जोडपं असेल तर मात्र आधी बुक करा आणि बुक केल्यावर लॉजला फोन करून खात्री करा. स्थानिक पत्त्याचं आधार कार्ड असलेल्यांना काही लॉज काउंटरवरूनच परत पाठवतात. तेही फोनवरच विचारून घ्यावं. जीएसटीचं लक्षात ठेवा: दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो आधी बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला. बिलावर अजून बारा लावत असतील तर बोट ठेवा. बिलच देत नसतील तर वेगळा टॅक्स मागायचा प्रश्नच नाही.

वर लिहिलेलं सगळं काही तारखांना फिरतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. त्या दिवसांत मंदिर आणि पार्क चौकाच्या बाजूला रस्ते बंद, खोल्या भरलेल्या आणि दर मनाचे. यात्राच बघायला येत असाल तर महिनाभर आधी बुक करून पायी अंतरावरच राहा. दुसऱ्या कामाला येत असाल तर होटगी रोड. आषाढीला पंढरपुरात जागा न मिळालेले लोक इकडं सरकतात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, त्या रस्त्यावरची वाहतूक वळवतात, त्यामुळं स्टँडजवळ राहून तुळजापूरची एसटी सहज मिळेल हा हिशोब त्या दिवशी चुकतो.

आणि फक्त स्वामींच्या दर्शनाला येत असाल, सोलापुरात दुसरं काही काम नसेल, तर इथं राहूच नका. अक्कलकोटात अन्नछत्र मंडळाचं यात्री निवास आहे, दुपारच्या महाप्रसादाची सोय आहे, सकाळची आरती चालत गाठता येते. फक्त रेल्वेचं तिकीट काढताना एक बघा: अक्कलकोट रोड हे स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटर लांब आहे, आणि सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. सोलापूरलाच उतरून एसटी धरलेली सोपी.