दोन लिटरच्या कोट्यात कोणती व्हिस्की बसवावी?

परदेशातून भारतात येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते. बाटली दुबईत घ्या किंवा मुंबईत उतरल्यावर अरायव्हलच्या दुकानात, कोटा तोच. पहिली चूक होते ती इथेच. 700 मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे 2.1 लिटर, आणि वरच्या 100 मिलीपायी रेड चॅनल, म्हणजे कस्टम्सला माल दाखवून ड्युटी भरायची रांग. लिटरच्या दोन घेतल्या तर कोटा काठोकाठ भरतो. 700 च्या दोन घेतल्या तर 600 मिली वाया जातात, पण ते कधीकधी परवडतं.

कारण लेबलवर आधी बघायची ती अल्कोहोलची टक्केवारी. 40 टक्क्यांच्या लिटरभर व्हिस्कीत 400 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, 50.2 टक्क्यांच्या 700 मिलीत 351. बाटल्यांच्या आकारात दिसतो तेवढा फरक आतल्या मालात नाही. स्कॉचला कायद्याने 40 च्या खाली जाता येत नाही, त्यामुळे 40 ची बाटली म्हणजे कंपनीने शक्य तेवढं पाणी आधीच घातलेला माल. 50 टक्क्यांच्या 30 मिलीत साडेसात मिली पाणी, म्हणजे दीड चमचा, घातलं की तीही 40 वर येते. फरक एवढाच, की कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवता.

आता जोड्या लावू.

जॉनी वॉकर गोल्ड लेबल रिझर्व्ह आणि ग्रीन लेबल बहुतेक वेळा शेजारीशेजारीच मांडलेल्या असतात. गोल्ड 40 टक्के, वयाचा (पिंपात किती वर्षं मुरली त्याचा) उल्लेख नाही, ग्रेन व्हिस्की (गहू-मक्यासारख्या धान्याची) मिसळलेली. मधाळ, सौम्य, आणि बॉक्स झगमगीत. ग्रीन 43 टक्के, किमान 15 वर्षांची, आणि तिच्यात फक्त माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्क्या) आहेत: टॅलिस्कर, कोल ईला, लिंकवुड, क्रॅगनमोर. किंमत जवळपास असेल तर ग्रीन घ्या, दुसरा विचार नको. घरी सगळे सोडा घालूनच पिणार असतील तर मात्र दोन्हींवर पैसे घालू नका. 12 वर्षांच्या ब्लॅक लेबलचा हलका धुरकट स्वाद सोड्यातही टिकतो. डबल ब्लॅकमध्ये तो आणखी ठळक, पण वयाची हमी नाही.

ग्लेनफिडिकची पर्पेच्युअल कलेक्शन ही खास ड्युटी फ्रीसाठी काढलेली मालिका, आणि निवडायला सर्वांत अवघड. चारही व्हिस्क्या अशा मोठ्या पिंपातून (व्हॅटमधून) येतात की जे कधीही निम्म्याच्या खाली रिकामं करत नाहीत. जुन्या मालात नवा मिसळत राहतो. तत्त्व एकच असलं तरी पेल्यात उतरतं ते वेगळं. व्हॅट 01 लिटरची, 40 टक्के, वय नाही. पहिला घोट गोड, मग फारसं काही नाही. व्हॅट 02 ला 43 टक्के मिळतात आणि ती थोडी भरीव लागते. व्हॅट 03 मात्र 15 वर्षांची, 50.2 टक्के, बाटली 700 मिलीची. नेहमीची 15 वर्षांची ग्लेनफिडिक आवडत असेल तर 600 मिलीचा तोटा सोसून हीच घ्या. व्हॅट 04 ची (18 वर्षं, 47.8 टक्के) किंमत बघितली की भेट देण्यासाठीच ती ठीक वाटते.

धुराची आवड असणाऱ्यांनी लाफ्रॉइग या धुरकट स्कॉचच्या फळीकडे नीट बघावं. फोर ओकही लिटरची आणि पीएक्स कास्कही लिटरची, पण पहिली 40 टक्के आणि दुसरी 48. पीएक्स म्हणजे पेद्रो हिमेनेझ; त्या गोड शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपात ती शेवटची मुरते, त्यामुळे आयोडीनसारख्या वासामागून काळ्या मनुकांची गोडी येते. दुकानात मिळाली तर सोडू नका. लागावुलिन 10 आणि 16 (वर्षांच्या) दोन्ही 43 टक्क्यांच्याच. 10 चा धूर तिखट आणि उघडा, 16 चा मुरलेला.

भारतीय माल्ट परदेशातून परत आणण्यात अर्थ नाही. जाताना मात्र भेट म्हणून उत्तम. गोव्याच्या पॉल जॉनची ब्रिलियन्स 46 टक्के, बेंगळुरूच्या अमृतची फ्यूजन 50. त्यांवर वय लिहिलेलं नसतं म्हणून नाक मुरडू नये. आपल्या उन्हात व्हिस्की झपाट्याने मुरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास उडून जाते, इथे त्याच्या कितीतरी पट.

काउंटरवर फुकट मिळणाऱ्या घोटावर निर्णय घेऊ नका. विमानातल्या कोरड्या हवेने नाक सुकलेलं असतं, शेजारी परफ्यूमचं दुकान, आणि प्लास्टिकच्या कपात वास साठत नाही. चाखायचंच तर दोनच, आणि कमी टक्क्यांची आधी.

घरी तुलना करताना तोंडाशी निमुळत्या पेल्यांत प्रत्येकी 20 मिली ओता, पाच मिनिटं थांबा, आणि कोणत्या पेल्यात कोणती ते फक्त दुसऱ्याला माहीत असू द्या. धुराची शेवटी. आधी नुसती, मग अर्धा चमचा पाणी घालून. चकणा म्हणून तिखट शेव असेल तर ती नंतरसाठी ठेवा. मिरचीनंतर 40 आणि 48 मधला फरक जिभेला कळत नाही. 46 च्या वरच्या काही व्हिस्क्या बर्फाने गढूळ होतात. ती खराबी नाही. थंड करून गाळलेली नसल्याची खूण आहे.

वाटेत विमान बदलायचं असेल तर दुकानाने सील केलेली पिशवी पावतीसकट तशीच राहू द्या. मुंबईहून पुढे नागपूर गाठायचं असेल तर बाटल्या चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि वर्धा किंवा गडचिरोलीला जाणार असाल तर तिथे दारूबंदी आहे; बाटली तिथे पोचण्याआधीच कुणाकडे तरी ठेवा.